बोकडाची मागची बाजू

माणूस उभा असतो आणि बॅनर आडवं असतं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या कटकटीचं मूळ एवढंच आहे.

धाराशिवात माझं फोटोचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, नेमणूक, साखरपुडा, जावळ, नवीन बोअरला पाणी लागलं, जुन्या बोअरचं पाणी गेलं, काही झालं तरी आमच्या जिल्ह्यातला माणूस आधी माझ्याकडं येतो आणि मग घरी सांगतो. येताना मोबाईलमधला फोटो घेऊन येतो. तो फोटो उभा असतो. डोकं वरच्या कडेला टेकलेलं, पाय खालच्या कडेला, आणि दोन्ही बाजूंना एक वीत जागा. आणि मग म्हणतो, "दहा बाय पाचचं करा. आडवं. चौकात लावायचंय."

"मोबाईल आडवा धरून फोटो काढत जा" हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले. एका शहाण्यानं तर मला गंभीर तोंडानं समजावलं की मोबाईल आडवा धरला की फोटोतला माणूस झोपतो. मी त्याला नमस्कार केला आणि खुर्ची दिली. अशा माणसाला उभं ठेवणं बरं नाही.

पूर्वी मी ही दोन्ही बाजूंची जागा हातानं भरायचो. फोटोतला आभाळाचा तुकडा उचलायचा, शेजारी चिकटवायचा. भिंतीचा तुकडा उचलायचा, चिकटवायचा. त्या नादात एका लग्नाच्या बॅनरवर एकच कावळा ओळीनं इतक्या वेळा बसला की नवरदेवाची आजी म्हणाली, हे लग्न आहे का दहावा? मग संगणकात ते नवीन आलं. रिकामी जागा दाखवायची, बटण दाबायचं, आणि संगणक स्वतःच्या मनानं ती भरून देतो.

त्या मनानं आमचा जिल्हा बघितलेला नाही, ही सगळी बोंब आहे.

तुळजापूर रोडच्या ढेकळात उभा राहिलेला माणूस त्याच्यापुढं ठेवा, तो त्याच्या बाजूला गालिच्यासारखी हिरवळ अंथरतो. मागं देवदाराची झाडं लावतो. माझ्या चुलतभावाच्या पत्र्याच्या शेडमागं त्यानं बर्फाचा डोंगर उभा केला होता, आणि ते बॅनर बघून वहिनींनी खरोखर पदर अंगाभोवती ओढून घेतला. येडशीच्या रामलिंगाला गेलेल्या एका कुटुंबाचा फोटो मी भर उन्हाळ्यात आडवा करून दिला, तर त्यानं शेजारी धबधबा सोडला. पुढच्या रविवारी दोन जीप डबे बांधून तो धबधबा शोधायला गेल्या आणि संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन भांडून गेल्या. एका होतकरू पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याच्या मागं असा रस्ता आला, की जिल्ह्यात तसा रस्ता झाला नाही आणि होणार नाही. दुसऱ्या गटाची माणसं विचारायला आली, हा रस्ता कुठला आणि ह्याचं बिल कुणी उचललं? मी म्हटलं, रस्ता संगणकाचा आहे. ते म्हणाले, आमच्याकडं सगळेच रस्ते तसलेच आहेत, तुम्ही गाव सांगा.

पण हे सगळं मी सोसलं. धबधबा सोसला, बर्फ सोसला. ज्यानं माझी पार रग जिरवली तो एक बोकड होता. त्यातही त्याचा अर्धाच भाग.

आमच्या घरापासून जवळच, गावाच्या कडेला, एक चाचा राहतात. साठी कधीच ओलांडलेली, पांढरी दाढी, डोक्याला जाळीची टोपी, आणि बोलणं असं की अर्धं मराठीत सुरू होतं आणि उरलेलं दखनीत संपतं. त्यांचा धंदा पैदाशीच्या बोकडाचा. आमच्याकडची काळी शेळी सगळ्या मुलखात नावाजलेली, आणि त्या शेळ्यांचे मालक आपल्या माजावर आलेल्या शेळ्या फळवायला चाचांच्या बोकडाकडं आणतात. चाचांच्या वडलांपासून हे चालत आलंय. त्यांच्या दावणीला एका वेळी एकच बोकड असतो. त्याच्याच जिवावर घर चालतं, आणि घरात मानही त्यालाच पहिला. चाची आधी त्याला मका घालतात, मग चाचांना चहा देतात.

ह्या वर्षी बोकडाला मध्येच काहीतरी झालं. खाणं सोडलं, कान पाडून बसला. जनावरांचे डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. बोकड उठला, पण गावात कुजबुज उठली ती बसली नाही. कुणी म्हणायचं बोकड आतून गेला. कुणी म्हणायचं, अहो, डॉक्टर सुई टोचायला नव्हते आले, वेगळ्याच कामाला आले होते. शेळ्यांचा हंगाम तोंडावर, आणि चाचांच्या फाटकापुढं शुकशुकाट. तेवढ्यात मैदानावर शेळ्या-बोकडांचं प्रदर्शन भरणार असं ठरलं. चाचांनी डोकं चालवलं: तिथं बोकडाचं मोठं बॅनर लावायचं, सगळ्या जिल्ह्याला दिसू दे की तो उभा आहे आणि धडधाकट आहे.

चाचा मोबाईल घेऊन दुकानात आले. फोटो अर्थातच उभा. डाव्या हाताला चाचा, नव्या शर्टात. त्यांच्या हातात कासरा. आणि कासऱ्याच्या टोकाला बोकड. शिंगं झकास, कान लांब लोंबते, दाढी चाचांपेक्षा भरघोस, नजर जिल्हाधिकाऱ्याची. आणि बरगड्या संपल्या की बोकड संपला. तिथं फोटोची कड होती.

"चाचा, बाकीचा बोकड कुठंय?"

"घरी हाय," चाचा म्हणाले.

"तसं नव्हे. फोटोत अर्धाच आलाय."

"अर्धा तुमी करा ना. तुमच्या मशिनीत व्हतंय म्हनं. त्या पुढाऱ्याला रस्ता दिला, माझ्या बोकडाला मागचे पाय द्या."

मी म्हटलं, चला, मी कॅमेरा घेऊन येतो, अख्खा बोकड टिपतो. चाचांनी दोन्ही हात कानाला लावले. हा फोटो चाचींनी काढलेला होता, त्यांच्या जन्मातला पहिला. आणि तो काढला त्याच संध्याकाळी बोकडानं चारा सोडला. चाचींच्या मते बोकडाला दुसरं तिसरं काही झालेलं नव्हतं. त्याला फोटोची नजर लागली होती. मिरच्या उतरवून टाकल्या, लिंबू उतरवलं, तेव्हा कुठं तो उठला. आता पुन्हा कॅमेरा त्याच्यापुढं नेणाऱ्याचे हातपाय शाबूत राहणार नाहीत, असा चाचींचा हुकूम होता. म्हणूनच बोकड प्रदर्शनालाही जाणार नव्हता. गर्दीची नजर तर आणखी वाईट. तिथं फक्त बॅनर जाणार आणि बॅनरखाली चाचा बसणार.

मी खुर्चीत बसलो. बरगड्यांच्या मागची जागा दाखवली आणि बटण दाबलं.

संगणकानं पहिल्यांदा बोकडाला मागून कुत्रा जोडला. शेपूट वर, पंजे खाली. चाचा म्हणाले, "या अल्ला." दुसऱ्यांदा घोड्याची शेपटी आली आणि मागं ते गोऱ्या लोकांचं लाकडी कुंपण. तिसऱ्यांदा पाय तीन. चौथ्यांदा मात्र असा बोकड आला की मी स्वतः टाळी वाजवली. काळाभोर, पाठ सरळ, मांड्या भरलेल्या, शेपटी बोकडाचीच. मागं बर्फाचा डोंगर होता, तो मी खरवडून काढला. हिरवळ उपटली. एक बाभूळ लावली, चार ढेकळं टाकली, सावली कुणीकडं पडते ते बघून पायाखाली सावली ओढली. जोड कुठं आहे ते दाखवून द्यावं, मी दुकान नावावर करून देतो, असं काम झालं.

"चाचा, नीट बघून घ्या."

चाचा चष्मा पुसून स्वतःच्या शर्टाकडं बघत होते. मग बोकडाच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "मस्त. एकदम मस्त."

"मागचं बघा."

"मागचं काय बघायचं बेटा? मागचं मला पाठ हाय."

आणि बॅनर छापलं गेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी दुकानात एका बारशाच्या बॅनरशी झगडत होतो. बाळाच्या बाजूला संगणकानं दुसरं बाळ घातलं होतं आणि बाळाचे वडील गप्प झाले होते. तेवढ्यात चाचांचा फोन आला.

"बेटा, तू दुश्मन हाय का माझा?"

"काय झालं चाचा?"

"ये. येऊन बघ. समदा जिल्हा बघतोय, तू बी बघ."

मी गाडी काढून मैदानावर गेलो. फाटकाजवळच चाचांचं बॅनर, आणि बॅनरपुढं ही गर्दी! कळंबचे, भूमचे, परंड्याचे, पार उमरग्याकडचे, शेळ्या हातात धरून लोक उभे आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. बोकडांच्या दावणी ओस पडल्या होत्या. बॅनरखाली खुर्चीवर चाचा, मान खाली, टोपी हातात.

मी बॅनर बघितलं. बाभूळ बरोबर. सावली बरोबर. जोड दिसत नव्हता. मी दोनदा बघितलं, मान वाकडी करून बघितलं. मला काही कळेना.

"छान तर आलंय," मी म्हटलं.

त्यावर जो हशा उठला तो तुळजापुरात ऐकू गेला असणार.

गर्दीच्या पुढं येडशीकडचे एक तात्या उभे होते. धोतर, गमछा, आणि तीन खेड्यांत मिळून नसतील एवढ्या शेळ्या. तात्या जिथं आपल्या शेळ्या फळवतात तिथं त्या भागातली सगळी माणसं जातात. हा आमच्याकडचा रिवाजच आहे. दरवर्षी ते चाचांकडं येत. त्यांनी हातातली काठी उचलली आणि बॅनरवर, बोकडाच्या मागच्या दोन पायांच्या मधोमध टेकवली.

"मालक, हितं काय असतंय?"

मी बघितलं. तिथं काहीच नव्हतं. स्वच्छ, गुळगुळीत, नुकतीच झाडलोट केल्यासारखी जागा. ज्याच्यामुळं बोकडाला बोकड म्हणतात, ज्याच्यासाठी चार तालुक्यांतून लोक शेळ्या घेऊन येतात, नेमकं तेवढंच संगणकानं दिलेलं नव्हतं. मी आभाळ तपासलं, ढेकळं तपासली, सावली तपासली. दहा बाय पाचच्या बॅनरवर मी चाचांच्या बोकडाला भर मैदानात खच्ची करून टांगलं होतं.

"चाचा," तात्या म्हणाले, "लोक म्हनत व्हते तवा म्या म्हनलो, न्हाय, चाचाचा बोकड हाय, उगं कायबी बोलू नगा. आन् तुमी तर सोताच बॅनर लावून सांगायलाव."

"तात्या, बोकड सही-सलामत हाय. मशिनीनं घोटाळा केलाय. कसम खाऊन सांगतो."

"तुमच्या शब्दावर भरोसा हाय वो. पर शब्द बी तुमचा आन् बॅनर बी तुमचंच. दोघं येगयेगळं बोलायलेत. म्या कुनाचं धरू?"

"घरी येऊन बघून जावा मग," मी मध्येच बोललो. न बोलतो तर बरं. चाचांनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरकलो.

"वडलांच्या टायमापासून कुनी तपासायला आलं न्हाय," चाचा हळू म्हणाले. "फळवायला आले. तपासायला न्हाय. ज्याला तपासायचंय त्यानं येऊच नये."

तात्यांनी गमछा खांद्यावर टाकला. "मंग मला इचार करावा लागंल. म्या सांजच्यापतोर हाय हितं. शेळ्या माजावर यायल्यात, कुटं तरी न्याव्या लागतेलच." आणि ते निघाले. त्यांच्या मागून येडशीकडची सगळी माणसं निघाली. चाचा त्या पाठींकडं बघत राहिले. त्या पाठी म्हणजे त्यांचं अख्खं वर्ष होतं. एवढं मला, बोकडातलं काही न कळणाऱ्या माणसाला, नीट कळलं.

मी गाडीला किक मारली आणि दुकानात आलो. म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे. जागा दाखवायची, काय पाहिजे ते लिहायचं, बटण दाबायचं.

मी लिहिलं, 'नर बोकड'. त्यानं शिंगं मोठी केली.

मी लिहिलं, 'पैदाशीचा नर बोकड, मागून.' संगणक थांबला. विचारात पडला. मग पाटी आली: तुमची मागणी आमच्या नियमांत बसत नाही.

मी डॉक्टरांच्या पुस्तकातला शब्द शोधून लिहिला. पाटी पुन्हा आली, आणि ह्या खेपेला खाली एक ओळ जास्त होती, की असंच करत राहिलात तर तुमचं खातं बंद होईल. अरे, बोकड आहे तो! जगाच्या सुरुवातीपासून उघडा फिरतोय! त्याला कधी कुणी चड्डी घाल म्हटलं नाही, आणि हा कुठल्या तरी थंड देशात बसून माझ्या बोकडाची अब्रू झाकायला निघालाय! ह्यानं नसलेला धबधबा सोडला, नसलेला रस्ता केला, एका बाळाचं जुळं केलं, तेव्हा कुठला नियम आडवा आला नाही. आणि जे खरोखर आहे, देवानं दिलंय, तेवढं दाखवायला ह्याला लाज वाटते.

मग मी आडवळणानं गेलो. 'दोन पायांच्या मध्ये लोंबणारी पिशवी' असं लिहिलं. त्यानं दिली. पिशवी. बायकांची, लाल चामड्याची, सोनेरी साखळीची, चेन लावलेली. मी लिहिलं, 'दोन गोल, काळे.' ट्रकची दोन चाकं आली. मी दात-ओठ खात लिहिलं, 'जनावराला असतं तसं.' त्यानं बोकडाला कास लावली. भरलेली, दुधाची, दोन सडांची. बॅनरवर खच्ची दिसत होता तो आता व्यालेला दिसायला लागला.

हातानं काढून बघितलं, तर वांग्याची जाहिरात झाली. शेवटी मी दुसऱ्या कुठल्यातरी बोकडाचा फोटो शोधला आणि चाचांना फोन केला, की एवढं ह्याचं उचलून आपल्याला लावतो.

"दुसऱ्याचं? माझ्या बोकडाला?" पलीकडून आवाज आला. "तौबा तौबा. त्यापरीस न्हाईत तेच बरं हाय."

एवढं ऐकल्यावर मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि सरळ चाचांच्या घरी गेलो. चाची वाडग्याच्या, म्हणजे बोकडाच्या गोठ्याच्या, दारातच बसल्या होत्या, हातात मक्याचं कणीस. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून त्या उठल्या.

"एक पाँव आगे रख तू, फिर देख."

"चाची, ऐकून तर घ्या." मी सगळं सांगितलं. बॅनर, हशा, तात्यांची काठी, चाचांची मान खाली. चाचींचा चेहरा काळा ठिक्कर पडला. कणीस हातातच राहिलं. आत बोकड दावणीला उभा होता आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की बॅनरची बातमी त्याच्यापर्यंत पोचली असावी.

"मेरे फोटो का ये हाल किया तुम लोगां?"

"चाची, मला ह्याचं तोंड नकोच आहे. तोंड तुमच्या फोटोत झकास आलंय. मला फक्त मागचं पाहिजे."

चाची थांबल्या. बोकडाकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं. एवढ्या बारकाईनं विचार करताना मी आमच्या जिल्ह्यात कुणाला बघितलेलं नाही.

"नजर मूँ कू लगती," त्या शेवटी म्हणाल्या. "पीछे कू नै लगती."

"बरोबर. शास्त्र आहे तसं," मी घाईघाईनं म्हटलं.

"तेरेकू क्या मालूम शास्त्र! चुप बैठ."

त्यांनी डोक्यावरची हिरवी ओढणी काढून बोकडाचं तोंड गुंडाळलं, शिंगांसकट. वरून काहीतरी पुटपुटल्या. बोकडाला अंधार झाला तसा तो बिथरला. मी मागं जाऊन लेंड्यांत पालथा पडलो, कारण त्याच्याशिवाय पाहिजे ते दिसत नव्हतं. पैदाशीच्या बोकडाचा वास ज्यानं घेतला आहे त्याला सांगायला नको. ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. मी एवढंच सांगतो की माझ्या बायकोनं तो शर्ट धुतला नाही, जाळला. पहिल्या फोटोला बोकड वळला. दुसऱ्याला बसला. तिसऱ्याला त्यानं अशी लाथ झाडली की माझ्या कानाशेजारून वारा गेला.

"ठैर," चाची म्हणाल्या, आणि त्यांनी वाकून त्याचा मागचा एक पाय गच्च धरला. बांगड्या खळखळल्या. बोकड जागच्या जागी थिजला.

"चाची, तुमचा हात येतोय फोटोत. ओढणीचं टोकपण येतंय."

"आया तो आने दे. पाँव छोड़ी तो तेरे दांत आते हात में."

मी फोटो काढला. हात नंतर पुसून टाकू म्हटलं. पुसायला संगणक आहेच. पण दुकानात येऊन बसलो तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. तात्यांचं 'सांजच्यापतोर' माझ्या डोक्यात घुमत होतं. अख्खं बॅनर पुन्हा छापत बसलो असतो तर मैदान रिकामं झालं असतं. मी फक्त तेवढाच चौकोन छापला, बरगड्यांपासून शेपटीपर्यंतचा, कात्रीनं कापला, डिंकाचा डबा उचलला आणि सुटलो.

बॅनरवर मी ते ठिगळ चिकटवलं. कबूल करायला जीव जातो, पण माझ्या धंद्यातलं इतकं गबाळं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. पुढचा बोकड उन्हातला, मागचा वाडग्याच्या सावलीतला. पुढच्या बोकडापेक्षा मागचा टीचभर उंच. बाभूळ मध्येच तुटलेली आणि तिच्या जागी शेणानं सारवलेली भिंत. पायाला चाचींचा हात, वर हिरवी ओढणी. लांबून बघितलं तर दोन बोकड एकमेकांना धडकून एकजीव झालेत असं वाटत होतं. पण मधोमध, भर उजेडात, जे असायला पाहिजे ते सगळं होतं. आणि माझा ह्यात काही हात नाही, पण भरपूर होतं.

गर्दी पुन्हा जमली. ह्या वेळी कुणी हसेना. सगळे पुढं वाकून बघायला लागले. कुणीतरी तात्यांना बोलावून आणलं. तात्यांनी काठी काखेत मारली, बॅनरला नाक लावलं आणि ठिगळाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्यो तर जोड हाय, चाचा."

चाचा खुर्चीवरून उठले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"व्हय, जोड हाय. जोड दिसतोय ते खरं हाय. सकाळी जोड दिसत नव्हता, ते खोटं हुतं."

तात्यांचा अंगठा सरकत सरकत खाली गेला आणि त्या हातावर थांबला. बोकडाच्या पायावर गच्च आवळलेला म्हातारा हात, काचेच्या बांगड्या, आणि बाजूला लोंबणारं ओढणीचं टोक. तात्या दरवर्षी शेळ्या घेऊन यायचे तेव्हा त्याच हातानं त्यांना पाणी मिळायचं.

"ह्या चाची हायेत," ते म्हणाले.

"हायेत," चाचा म्हणाले.

"चाचींनी धरलाय म्हनल्यावर..." तात्यांनी वाक्य तिथंच सोडलं आणि गमछ्यानं तोंड पुसलं. मग वळून आपल्या माणसांना म्हणाले, "उद्या सकाळच्याला निघायचं. शेळ्या धुऊन आना, आपली लाज जाऊ नये."

मी तिथंच एका दगडावर बसलो. अंगाचा वास असा होता की माझ्या दोन्ही बाजूंची माणसं उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून चाचांकडं गेलो. म्हटलं, आता सवड आहे, चांगलं नवं बॅनर करून देतो. उजेड जुळवतो, उंची जुळवतो, तो हात आणि ओढणी पुसून टाकतो; कुणाला कळणारही नाही. फाटकाबाहेर शेळ्यांची रांग बांधापर्यंत गेली होती. बॅनर चाचांनी मैदानावरून आणून वाडग्याच्या भिंतीवर ठोकलं होतं, आणि येणारा प्रत्येक जण आत जाण्याआधी ठिगळावरून हात फिरवून बघत होता.

"पुसू नको," चाचा म्हणाले. "हात पुसशील तर माझं दुकान बसंल."

चाची आतून ओरडल्या, की कोपरा निघालाय, डिंक आणला असशील तर लाव आणि जा.

मी कोपरा चिकटवला. ते बॅनर अजून तिथंच आहे. सगळ्या जिल्ह्यानं बघितलेलं, उमरग्यापासून येडशीपर्यंत ज्याच्या गप्पा होतात असं ते माझं एकमेव काम. उजेड न जुळलेलं, उंची न जुळलेलं, मध्येच फाटलेल्या बाभळीचं. आणि खाली, बोकडाच्या चारही पायांच्या खाली, ठळक लाल अक्षरांत माझ्या दुकानाचं नाव, पत्ता आणि 'आमच्याकडे सर्व प्रकारचे फोटो सफाईदारपणे वाढवून मिळतील.'